आजोबांची वेब्ली अँड स्कॉट (जुनं इंग्रजी पिस्तूल), बत्तीस बोर: निकेलचा मुलामा देऊ, ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) करू, की आहे तशी ठेवू?

गोठकर_लेक | १९ जून, रात्री ९.४०

नमस्कार. मी ग्वाल्हेरची. लष्कर भागात, 'चिटणीस की गोठ' या मोहल्ल्यात आमचं जुनं घर आहे. आजोबांनी घेतलेली वेब्ली अँड स्कॉट, बत्तीस बोर (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), या महिन्यात माझ्या लायसन्सवर चढली. बाबा सत्तरी पार झाले. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे लायसन्सदार सत्तरीचा झाला किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने लायसन्स मिळू शकतं. आम्ही तसंच केलं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, पोलीस पडताळणी, सगळं रीतसर झालं.

आता तिच्याबद्दल. अंगभर पोलाद. आजच्या पिस्तुलांसारखा प्लॅस्टिकचा सांगाडा नाही की अ‍ॅल्युमिनियम नाही. कोनाकोनाची, चौकोनी, दिसायला ठोकळाच. स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) कंपनीचं नाव आणि बर्मिंगहॅम, बाजूला प्रूफ हाऊसचे, म्हणजे हत्याराची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, मुगाच्या दाण्याएवढे ठसे. ठोका देणारा घोडा (हॅमर) मागे उघडा दिसतो. मॅगझिनमध्ये आठ काडतुसं बसतात. आजोबा दर रविवारी पेपर पसरून ती साफ करायचे. आम्हा मुलांना चटईच्या कडेबाहेर बसायची परवानगी असे, आत पाऊल टाकलं की आवाज चढायचा. ती सरसोंच्या तेलाची उग्र झाक मला अजून आठवते.

अडचणी अशा:

उजव्या बाजूची काळी पट्टी (मुठीची) खालच्या स्क्रूपासून वर चिरली आहे. गेल्या निवडणुकीत आचारसंहितेमुळे पिस्तूल जमा करावं लागलं. परत आलं तेव्हा स्लाइडवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजाने उमटला होता. रेघ न् रेघ मोजता येईल इतका स्पष्ट. मला रडू आलं, खरं सांगते. तिसरी गोष्ट, नेमबाजीच्या रेंजवर तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकते. चौथी, माशी (नेम धरायचा नळीच्या टोकाकडचा उंचवटा) इतकी बारीक आहे की माझ्या डोळ्यांना दिसतच नाही.

एका दुकानदाराने सांगितलं, "निकेल करून घ्या, चांदीसारखी चमकेल. हस्तिदंती रंगाची मूठ लावून देतो, नवी कोरी वाटेल." घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, हात लावू नकोस. भाऊ म्हणतो, चमकव. ज्यांनी अशी जुनी पोलादी पिस्तुलं सांभाळली आहेत त्यांनी अनुभव सांगावा.

मुरारकर | १९ जून, रात्री १०.२५

ताई, अभिनंदन. मी फौजेतून निवृत्त, मुरारला राहतो. आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे पुढची चर्चा रुळावर राहील.

हत्याराचा नंबर आणि ओळखीचे ठसे खोडणं, घासणं, बदलणं हा गुन्हा आहे. नळी आखूड करणंही तसंच. दुरुस्ती फक्त लायसन्स असलेल्या मिस्त्रीकडून, आणि पिस्तूल त्याच्याकडे ठेवताना रजिस्टरला नोंद आणि हातात पावती हवीच. बोर बदलायचा विचार मनातही आणू नका. ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोर आहे, म्हणून तर सगळा नागरी बाजार बत्तीसवर उभा आहे. मुठीच्या पट्ट्या, स्प्रिंगा, साफसफाई, पृष्ठभागाचं काम, एवढंच आपल्या हातात उरतं. मला विचाराल तर जुन्या हत्याराला तेवढं पुष्कळ झालं.

दुसरं, निवडणुकीच्या वेळी जमा करताना यापुढे चारही बाजूंचे फोटो काढा, पावतीवर अवस्था लिहून घ्या, आणि तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून द्या. चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल पोलाद खातात.

चंबळपार | १९ जून, रात्री ११.०२

मी भिंडचा. आमच्या भागात लायसन्सची वस्तू म्हणजे घराची शान. माझ्या काकांनी त्यांची बत्तीस निकेल करून घेतली, बारा वर्षं झाली, एक ठिपका गंज नाही. इकडे मे महिन्यात घामाने कमरेची पेटी ओली होते. ब्लूइंग किती टिकणार? लेक वापरणार आहे, संग्रहालयात ठेवायची नाही. माझं मत निकेलला.

बडोद्याचा_सतीश | २० जून, सकाळी ७.१५

चंबळपार, तुमचा मुद्दा खोटा नाही. निकेल गंजाला अडवतं. पण माझ्यावर गुदरलंय ते सगळं लिहितो, मग गोठकर ताईंनी ठरवावं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. वडिलांची कोल्ट १९०३ माझ्याकडे आली. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, घोडा आत लपलेला, मुठीच्या मागे दाबायची सेफ्टी, तीही आठ गोळ्यांची. १९०३ ते १९४५ या काळात कोल्टने या जातीची साडेपाच लाखांवर पिस्तुलं बनवली. आपल्याकडे मात्र १९८०च्या दशकाच्या मध्यात खासगी आयात बंद झाली, त्यामुळे देशात जेवढी आहेत तेवढीच. ती संख्या वाढणार नाही, दर वर्षी कमीच होणार. हे मला तेव्हा कुणी समजावलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी तरुण होतो, चमक हवी होती. एका प्लेटिंगवाल्याकडे काम गेलं. निकेल चढवण्याआधी पृष्ठभाग आरशासारखा हवा, म्हणून त्याने बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरली. पंधरा मिनिटांचं काम. घरी आणली आणि खिडकीजवळ उजेडात धरली. स्लाइडच्या ज्या कडा सुरीसारख्या सरळ होत्या त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट. स्लाइडवरचा उधळलेला घोडा, कोल्टची ओळख, तिथे नुसती सावली. नंबर वाचता येत होता हे नशीब, नाहीतर लायसन्सचंच संकट उभं राहिलं असतं.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. या पिस्तुलाच्या स्लाइडवर एक बारीक बाण कोरलेला असतो. स्लाइड मागे ओढून तो बाण सांगाड्याच्या पुढच्या कडेशी जुळवायचा, मग नळी फिरवली की सुटते. माझा बाण गेला. वडील तो बाण नखाने चाचपून, न बघता नळी सोडवत. मी आज पेन्सिलीची खूण करतो, ती पुसते, पुन्हा करतो. उडालेलं ब्लूइंग पुन्हा चढवता येतं. बफने घासून नेलेलं पोलाद कुठून आणणार?

म्हणून माझा एकच नियम आहे: जे परत फिरवता येतं तेवढंच करायचं. पट्ट्या बदला, जुन्या जपून ठेवा. स्प्रिंग बदला, जुनी डबीत टाका. कानस, बफ, ड्रिल यांपासून मात्र तिला दूर ठेवा.

जबलपूरकर_टूलरूम | २० जून, दुपारी १.३०

सतीशरावांच्या नियमाला माझी पूर्ण सहमती. आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं, म्हणून पोलादाच्या बाजूने थोडं.

प्लेटिंगमध्ये आणखी एक धोका असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. आम्लात धुताना आणि विजेने धातू चढवताना हायड्रोजन सुटतो आणि कडक केलेल्या पोलादात शिरतो. त्याने पोलाद ठिसूळ होतं. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढणारा आकडा), फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई) असे भाग कधीही टाकीत टाकू देऊ नका. वरून सुंदर दिसतात आणि एक दिवस मधूनच तुटतात.

आता वेब्लीचं खास. तिची रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणणारी) इतर पिस्तुलांसारखी नळीभोवती किंवा नळीखाली गुंडाळलेली नसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली पाती असते आणि ती उजव्या पट्टीखाली बसते. ताई, तुमची उजवीच पट्टी चिरली आहे ना? या पट्ट्या वल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या. शंभरेक वर्षांत हे रबर काचेसारखं होतं. कुणीतरी स्क्रू जास्त आवळला असेल, पट्टीने दम सोडला. जुनी पट्टी फेविक्विकने चिकटवून वापरू नका. काढून कापसात ठेवा.

गंजाबद्दल. सँडपेपर अजिबात नको. तांब्याचं जुनं नाणं घ्या, पातळ तेल लावा, नाण्याच्या कडेने हलक्या हाताने गंज खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे तांबडा गंज निघतो आणि खालचं निळं-काळं शाबूत राहतं. वेळ लागतो. एका दिवसात बोटाएवढी जागा झाली तरी पुष्कळ.

आणि सरसोंचं तेल बंद. जवळच मुरैना, घरोघरी तेच तेल, म्हणून जुन्या लोकांनी तेच वापरलं. पण ते हवेने सुकून चिकट वार्निशसारखं होतं. खोबरेलही नको. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत ते बाटलीत थिजतं, तसंच ते फायरिंग पिनच्या भोकात थिजेल. साधं शिलाई मशीनचं तेल वापरा, दोन थेंब.

नवखा_परवानेदार | २० जून, सायंकाळी ६.१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे कानपूरचा सरकारी कारखान्याचा रिव्हॉल्व्हर आहे, तोही बत्तीसच. काडतुसं एकमेकांत चालतात का?

मुरारकर | २० जून, सायंकाळी ६.३२

नाही. बरं झालं विचारलंत, दुकानात ही चूक रोज होते. पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे ७.६५ ब्राउनिंग, आखूड, बुडाची कड जेमतेम बाहेर आलेली. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लांब, रुंद कडेचं, शिशाच्या गोळीचं. दोन्ही डब्यांवर .३२ असतं आणि केएफचा शिक्काही असतो, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचा. डबा उघडून एक काडतूस हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जबलपूरकर_टूलरूम | २० जून, रात्री ९.००

याच कडेवरून ताईंच्या अडकण्याकडे येतो. पिस्तुलाच्या बत्तीसची कड किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर वरचं पुढे सरकताना खालच्यात अडकतं आणि सगळं जाम होतं. प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्याच्या पुढे राहील असं बसवा. मॅगझिन भरल्यावर पाठीवर टिचकी मारायची सवय असेल तर सोडा. तेवढं करूनही अडकली तर मॅगझिनची स्प्रिंग मेली आहे किंवा आत तेलाचा राप बसला आहे.

इतिहासवेडा | २१ जून, सकाळी ८.४५

ग्वाल्हेर आणि जुनं पोलादी पिस्तूल म्हटल्यावर एक गोष्ट मनात येतेच, लिहिल्यावाचून राहवत नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या ती बेरेटा १९३४ आपल्याच शहरातून मिळवलेली होती. आमच्या घरातली जुनी माणसं त्यानंतर कित्येक वर्षं पिस्तूल हा शब्दसुद्धा मोठ्याने काढत नसत. कागदपत्रं, नोंदी, पावत्या यांचं एवढं महत्त्व का, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ताई, तुमच्या आजोबांच्या खरेदीची पावती, जुनं लायसन्सचं पुस्तक असेल तर तेही पिस्तुलाइतकंच जपा.

गोठकर_लेक | २१ जून, रात्री १०.१५

पुस्तक आहे. कापडी बांधणीचं, दर नूतनीकरणाचा शिक्का आणि आजोबांची सही. शेवटच्या दोन सह्या थरथरलेल्या आहेत.

आज मॅगझिन उघडलं. जबलपूरकर काका, तुम्ही म्हणालात तसंच! स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मधासारखा पिवळा, चिकट थर. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलंय.

एक विचारायचं राहिलं. पावसाळा तोंडावर आहे. पूर्ण ब्लूइंग नव्याने करायचं झालं तर ते आता करावं की दिवाळीनंतर?

जबलपूरकर_टूलरूम | २२ जून, सकाळी ६.५०

कुठलं ब्लूइंग, त्यावर आहे. हल्ली बहुतेक ठिकाणी गरम क्षारांचं करतात. कॉस्टिक आणि नायट्रेटचं द्रावण, १४० अंशांच्या आसपास, अर्ध्या तासात काळंभोर. त्याला ऋतूचं बंधन नाही, पण त्याआधी पॉलिश करतात आणि तिथे पुन्हा बफ येतो.

जुनी पद्धत गंजाची. पोलाद तेलमुक्त करून त्यावर द्रावण पुसायचं, दमट हवेत ठेवून बारीक तांबडा गंज येऊ द्यायचा, मग शुद्ध पाण्यात उकळायचं. उकळताना तांबडा गंज काळ्यात बदलतो. मऊ तारेच्या ब्रशने झटकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा-सात वेळा. अंगठ्याएवढ्या जागेवरही घाई चालत नाही. तुमच्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या भट्टीत गंज धरतच नाही. जुने मिस्त्री हे काम श्रावणासाठी राखून ठेवत.

पण माझा सल्ला, हे करूच नका. तुमचं मूळ ब्लूइंग किती उरलंय?

गोठकर_लेक | २२ जून, रात्री ९.२०

कडांवर उडालंय, घोड्याजवळ राखाडी झालंय, मुठीच्या पुढच्या बाजूला आजोबांची बोटं जिथे यायची तिथे पांढरं. बाकी सत्तर टक्के असेल.

बडोद्याचा_सतीश | २२ जून, रात्री ९.४४

बोटांची जागा पांढरी पडली आहे ती तशीच ठेवा हो. माझ्या कोल्टवर वडिलांच्या तळहाताची जागा होती. मीच ती बफवर दिली.

चंबळपार | २२ जून, रात्री १०.३०

सतीशदादा, हे वाचून मी काकांची बत्तीस आज पुन्हा काढून बघितली. अक्षरं खरंच पुसट आहेत, आजवर लक्षच गेलं नव्हतं. तरी रोज कमरेला लावणाऱ्याने निकेल केलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. घाम खरा आहे. पण ताईंची वस्तू कपाटात राहणार असेल तर मी माझं मत मागे घेतो.

आणि एक विनंती, इथे नवीन मुलंही वाचतात. आमच्याकडे वरातीत फायर करण्याची जी खोड आहे तिच्यात मी शेजारचा मुलगा गमावलाय. डिसेंबर २०१९ पासून तो वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा नसता तरी करू नका.

मुरारकर | २३ जून, सकाळी ७.०५

चंबळपार, हे लिहिलंत, फार मोठं काम केलंत.

ताई, माशीसाठी स्लाइडला खाच पाडू नका. पांढरं नेलपॉलिश, टूथपिकच्या टोकाने पुढच्या माशीवर एक ठिपका. नको झालं की रिमूव्हरने पुसलं जातं. मी फौजेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांसाठी हेच करत आलोय.

गोठकर_लेक | ९ ऑगस्ट, रात्री ८.३०

उशिरा लिहिते आहे, काम सावकाश चाललंय.

गंज: देवघरातल्या डबीत ग्वाल्हेर संस्थानचे तांब्याचे पाव आणे होते. त्यातला एक घेतला. अकरा संध्याकाळी, रोज अर्धा तास. अंगठ्याचा ठसा आता तिरप्या उजेडात धरलं तरच दिसतो. तांबडं काही उरलेलं नाही.

मूठ: शिसमच्या पट्ट्या आमच्या सुताराने जुन्यांवरून कापल्या. पिस्तूल त्याला दाखवलंही नाही, फक्त पट्ट्या दिल्या. बसवायला लायसन्सवाल्या मिस्त्रींकडे गेले, पावती घेऊन. पहिल्यांदा उजवी पट्टी लावली तर स्लाइड पूर्ण पुढे येईना, दोन कागदांएवढी फट. मिस्त्रींनी पट्टी काढली, माझ्याकडे काजळ मागितलं. पर्समध्ये होतं. त्यांनी ते व्ही स्प्रिंगच्या पाठीवर बोटाने लावलं, पट्टी आवळली, स्लाइड दोनदा ओढली, पट्टी पुन्हा काढली. शिसमच्या आतल्या बाजूला तांदळाएवढी काळी रेघ. तेवढंच लाकूड पटाशीने खरवडलं. पुन्हा काजळ, पुन्हा रेघ, पुन्हा पटाशी. पाच वेळा. सहाव्यांदा स्लाइड जो आवाज करत बसली तो मी लहानपणी चटईच्या कडेवरून ऐकलेला होता. मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती इतकी कमी होती की मला लाज वाटली. जास्त दिली.

मॅगझिनची स्प्रिंगही त्यांनी बदलली. जुनी कागदात गुंडाळून परत मागून घेतली.

जबलपूरकर_टूलरूम | ९ ऑगस्ट, रात्री ९.१०

काजळाची युक्ती! बंदुकीचे दस्ते बसवणारे जुने कारागीर असंच करत. त्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. नव्या लाकडाला आतून जवसाचं तेल द्या, पण पूर्ण सुकल्याशिवाय पोलादाशी लावू नका.

इतिहासवेडा | १० ऑगस्ट, सकाळी ९.००

खंडेनवमी येतेय. घरात शस्त्रपूजा असेल तर हळद-कुंकू थेट पिस्तुलावर लावू नका. ओलं कुंकू स्लाइडवर राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग पडतो. आमच्या तलवारीवर असे किती ठिपके आहेत.

गोठकर_लेक | खंडेनवमी, दुपारी ४.००

पूजा झाली. पिस्तूल रिकामं करून, नळीत डोकावून दोनदा पाहिलं, मॅगझिन वेगळं. कुंकू लाकडी पेटीच्या झाकणाला लावलं, पिस्तुलावर नुसतं झेंडूचं कोरडं फूल. बाबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. मग शिसमच्या मुठीवरून बराच वेळ हात फिरवत बसले.

गेल्या रविवारी रेंजवर चार मॅगझिनं झाली, बत्तीस गोळ्या, कडा पुढे ठेवून भरलेल्या. एकदाही अडकली नाही.

चिरलेली पट्टी, तिची जोडीदार आणि जुनी स्प्रिंग पेटीच्या तळाच्या कप्प्यात आहेत. बाबांनी पुडीवर पेनाने लिहिलंय: "मूळ भाग. टाकू नये." वेब्लीच्या जादा मॅगझिनबद्दल कुणाला परवानाधारक दुकान माहीत असेल तर इथेच लिहा, एकाच मॅगझिनवर सगळं चाललंय.